शिक्षणासाठी कर्ज : उद्याच्या मिळकतीवरील उचल

दिल्लीच्या आग्नेयेस, यमुनेच्या पूर्वेकडील काठावर नोएडा हे शहर वसले आहे. त्याला पुराणकथा नाही, किल्ला नाही, जुनी पेठ नाही. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या प्राधिकरणाच्या नावातील आद्याक्षरे एकत्र करून त्याचे नाव बनले. हे प्राधिकरण १७ एप्रिल १९७६ रोजी अस्तित्वात आले. दिल्लीतील गर्दीवर उतारा म्हणून उद्योगांना जागा देणारे नियोजित नगर उभारावे, हा त्यामागील हेतू होता. १९९७ मध्ये या परिसराचा गौतम बुद्ध नगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढील दोन दशकांत येथे कारखान्यांच्या जोडीने आणखी एका व्यवसायाने मूळ धरले. तो व्यवसाय म्हणजे उच्च शिक्षण. २००५ मध्ये ॲमिटी, २००९ मध्ये शारदा अशी खासगी विद्यापीठे येथे कायद्याने स्थापन झाली. शेजारच्या ग्रेटर नोएडात तर एका संपूर्ण विभागालाच ‘नॉलेज पार्क’ असे नाव मिळाले. त्याच काळात संगणक कंपन्यांची कार्यालये येथे उभी राहिली आणि २०१८ मध्ये सॅमसंग कंपनीच्या भ्रमणध्वनी निर्मितीच्या विस्तारित कारखान्याचे उद्‌घाटन झाले.

शुल्क घेऊन शिकवणारी संस्था, त्या शुल्कासाठी कर्ज देणारी बँक आणि शिकलेल्या तरुणाला वेतन देणारा मालक, हे तिन्ही पक्ष या शहरात परस्परांपासून थोड्याच अंतरावर आढळतात. चौथा पक्ष म्हणजे विद्यार्थी. तो बहुधा लहान गावातून किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून येतो आणि पुष्कळदा त्याच्या घरातील पदवीपर्यंत पोचणारा तो पहिलाच असतो. या चौघांमधील देवघेव कागदोपत्री सरळ दिसते. बँक संस्थेला शुल्क देते, संस्था विद्यार्थ्याला विद्या देते, मालक विद्यार्थ्याला वेतन देतो आणि विद्यार्थी त्या वेतनातून बँकेचे ऋण फेडतो. परंतु यातील एक दुवा इतरांइतका पक्का नाही. वेतनाची हमी कोणीच दिलेली नसते. तो दुवा निसटला तर हानी कोणाच्या पदरी पडते, हा शैक्षणिक कर्जाविषयीचा मूलभूत प्रश्न होय.

कर्जाचा वेगळेपणा

घरासाठी कर्ज घेतले तर घर तारण राहते. ट्रॅक्टरसाठी घेतले तर ट्रॅक्टर तारण राहतो. हप्ते थकले तर सावकार ती वस्तू विकून आपले पैसे वसूल करू शकतो. शिक्षणाच्या बाबतीत असे काहीच शक्य नसते. ज्ञान आणि कौशल्य ही माणसापासून वेगळी काढता येत नाहीत, आणि माणूस गहाण ठेवण्यास कोणताही सुसंस्कृत कायदा मान्यता देत नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ही अडचण स्पष्टपणे मांडली होती. शिक्षणात गुंतवलेले भांडवल लाभदायक असले तरी तारणाच्या अभावी खासगी सावकार त्यासाठी पुरेसा पैसा पुरवणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यास्तव जगात जेथे जेथे शैक्षणिक कर्जाची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, तेथे तेथे तिच्या पाठीशी शासन कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उभे राहिलेले दिसते.

महाराष्ट्रातील वाचकाला ‘उचल’ हा शब्द परिचित आहे. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ऊसतोडणी मजूर मुकादमाकडून काही रक्कम घेतो आणि हंगामभर राबून ती फेडतो. शैक्षणिक कर्ज हीसुद्धा एक प्रकारची उचलच आहे. न केलेल्या श्रमांवर आणि न मिळालेल्या मिळकतीवर घेतलेली. फरक इतकाच की तोडणी मजुराच्या समोर काम तरी उभे असते. विद्यार्थ्याने उचल घेतलेली असते ती चार-पाच वर्षांनंतरच्या आणि अद्याप कोणीही देऊ न केलेल्या कामावर.

जुने मार्ग

शिक्षणासाठी पैसा उसना देण्याची कल्पना भारतात नवी नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये भारतीयांच्या उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. त्यातून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळणारी रक्कम दान नव्हती. ती कर्जरूप शिष्यवृत्ती होती. एकाने परत केलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा आणि घेणाऱ्याच्या स्वाभिमानालाही धक्का लागू नये, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे या निधीच्या लाभार्थ्यांपैकी होत. निवड कसोशीने होत असे आणि संख्या मर्यादित असे. म्हणूनच ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली.

दुसरा मार्ग संस्थानांचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिच्यासोबत करार होता : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी. हे ऋण पैशांनी नव्हे, सेवेने फेडावयाचे होते. आंबेडकर १९१७ मध्ये कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहण्यास जागा मिळेना. कचेरीतही अवहेलना वाट्यास आली आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला परतले, ते स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर.

या घटनेतील अर्थ शैक्षणिक कर्जाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असा आहे. घेणाऱ्याच्या ठायी गुणवत्ता होती, करार पाळण्याची इच्छा होती, परिश्रमांची तयारी तर असामान्य होती. तरीही कराराची पूर्तता झाली नाही, कारण समाजाने त्याला काम करू दिले नाही. शिक्षणाचे ऋण फेडणे हे केवळ ऋणकोच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नसते. भोवतालचे जग त्याच्या विद्येला किती वाव देते, यावरही ते अवलंबून असते.

तिसरा मार्ग महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दाखविला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रूढ झाले. विद्यार्थ्याने शिकत असतानाच शेतात, वसतिगृहात किंवा बांधकामावर श्रम करावेत आणि त्यातून आपला खर्च भागवावा. येथे खर्च आधी कोणी दिला नाही आणि नंतर फेडावयाचाही राहिला नाही. शिक्षण आणि फेड बरोबरीने चालली.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९६३-६४ पासून राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना सुरू केली. गुणवान पण गरजू विद्यार्थ्यांना बिनव्याजी रक्कम द्यावी, नोकरी लागल्यावर ती हप्त्याने वसूल करावी आणि जे शिक्षकी पेशा पत्करतील त्यांना सेवेच्या दर वर्षामागे काही अंश माफ करावा, अशी तिची रचना होती. हेतू उदार होता. वसुली मात्र फारच अल्प झाली. विद्यार्थी एका राज्यात शिकला आणि दुसऱ्या राज्यात नोकरीस गेला, तर त्याचा माग काढणारी यंत्रणाच नव्हती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ही योजना बंद पडली. तिच्या अपयशातून निघालेला निष्कर्ष असा की ऋण देणे सोपे असते. ऋणकोच्या मिळकतीपर्यंत पोचणारी व्यवस्था उभारणे कठीण असते.

बँकांचे आगमन

याच सुमारास उच्च शिक्षणाच्या अर्थकारणाला वेगळे वळण लागले. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. दक्षिणेकडील काही राज्यांतही असाच प्रघात पडत होता आणि उत्तर प्रदेशात तो काहीसा उशिरा, नोएडा व गाझियाबादच्या परिसरात, जोमाने फोफावला. १९९३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुन्नय्या समितीने सुचविले की विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा किमान १५ टक्के भाग स्वतः उभारावा आणि दहा वर्षांत हे प्रमाण २५ टक्क्यांवर न्यावे. शासन उच्च शिक्षणाचा भार कमी करू पाहत होते आणि कुटुंबाच्या खांद्यावरील भार वाढत होता. ज्या कुटुंबांकडे साठविलेला पैसा नव्हता, त्यांच्यासाठी बँकेचे कर्ज हाच मार्ग उरला.

२००१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी सर्वसमावेशक शैक्षणिक कर्ज योजनेची घोषणा केली आणि इंडियन बँक्स असोसिएशनने तयार केलेली आदर्श योजना रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी बँकांना कळविली. पुढे तिच्यात अनेक फेरफार झाले, तरी मुख्य सांगाडा कायम राहिला. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही आणि कुटुंबाला स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. त्यापुढील रकमेसाठी देशातील शिक्षणास पाच टक्के व परदेशातील शिक्षणास पंधरा टक्के खर्च कुटुंबाने उचलावा, अशी अपेक्षा असते. साडेसात लाखांच्या वर मालमत्ता तारण द्यावी लागते. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाही; या काळाला बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम म्हणतात. त्यानंतर परतफेड सुरू होते आणि ती पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते.

२००९ पासून केंद्र शासनाने आणखी एक सवलत जोडली. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याने देशात तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण घेतल्यास मोरॅटोरियमच्या काळातील व्याज शासन भरते. २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांतील बुडीत रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी देणारा निधी उभारला गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजनेस मान्यता दिली. तीनुसार राष्ट्रीय मानांकनात वरच्या स्थानी असलेल्या, आरंभी ८६०, संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांविना कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक संख्येतील कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सूट मिळते.

या योजनेतील यादी हा महत्त्वाचा भाग आहे. कर्ज देताना केवळ विद्यार्थ्याकडे न पाहता संस्थेकडेही पाहावे, हे तत्त्व तिच्यात प्रथमच ठळकपणे आले. तथापि त्याची दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. मानांकित संस्थेत प्रवेश मिळविणारा विद्यार्थी बहुधा चांगल्या शाळेतून, चांगल्या शिकवणीतून आलेला असतो. जो यादीबाहेरच्या सामान्य महाविद्यालयात जातो, त्याची नोकरी अधिक अनिश्चित असते आणि सवलतही त्यालाच कमी मिळते.

व्याजाचे गणित

मोरॅटोरियममध्ये हप्ता नसतो, याचा अर्थ व्याज नसते असा अनेक कुटुंबांचा समज होतो. हा समज महागात पडतो. एक उदाहरण घेऊन हिशेब मांडला म्हणजे हे स्पष्ट होईल.

एखादी विद्यार्थिनी चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी एक लाख, असे एकूण चार लाख रुपये कर्ज घेते, असे समजू. हिशेबाच्या सोयीसाठी व्याजाचा दर १० टक्के धरू. मोरॅटोरियममध्ये व्याज सरळ पद्धतीने आकारले जाते. हा काळ चार अधिक एक, असा पाच वर्षांचा. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,००० रुपये व्याज होईल. दुसऱ्यावर चार वर्षांचे ४०,०००. तिसऱ्यावर ३०,००० आणि चौथ्यावर २०,०००. एकूण व्याज १,४०,००० रुपये. परतफेड सुरू होते त्या दिवशी ही रक्कम मुद्दलात मिसळते आणि ऋण चार लाखांचे न राहता ५,४०,००० रुपयांचे होते.

हे ऋण दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये बसतो आणि एकूण सुमारे ८ लाख ५६ हजार रुपये भरावे लागतात. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता सुमारे ५,८०० रुपयांवर उतरतो; पण एकूण भरणा सुमारे १० लाख ४५ हजारांवर जातो. हप्ता हलका झाला, ऋण मात्र जड झाले. याउलट मोरॅटोरियममधील व्याज शासनाने भरले, किंवा कुटुंबाने वेळच्या वेळी चुकते केले, तर परतफेडीच्या आरंभी ऋण चार लाखच राहते, दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता सुमारे ५,२९० रुपये होतो आणि त्या दहा वर्षांत सुमारे ६ लाख ३४ हजार रुपये भरावे लागतात. शिक्षणाच्या काळातच व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला सुमारे ८३० रुपये असते. हा बोजा अनेक कुटुंबांना झेपण्याजोगा असतो; त्यांना तो कोणी समजावून सांगितलेला नसतो, इतकेच.

आता हप्त्याची सांगड वेतनाशी घालू. पहिले वेतन महिना २५,००० रुपये असेल, तर ७,१४० रुपयांचा हप्ता त्याच्या चतुर्थांशाहून अधिक होतो. वेतन १५,००० असेल, तर जवळजवळ निम्मे वेतन हप्त्यातच जाते. नोएडासारख्या शहरात खोलीचे भाडे, प्रवास आणि जेवण यांसाठी उरलेल्या रकमेत महिना काढणे कठीण. घरी पैसे पाठविणे तर दूरच. ज्या मुलीच्या शिक्षणातून घराची स्थिती सुधारावी अशी अपेक्षा होती, तिलाच घराकडून पैसे मागावे लागतात. ही परिस्थिती आळसातून किंवा उधळपट्टीतून उद्‌भवलेली नसते. ती सरळ वजाबाकीतून उद्‌भवते.

जोखमीची वाटणी

हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि ती नोंद ऋणकोच्या पतइतिहासात जाते. सहकर्जदार असलेल्या आईवडिलांची पतही तिच्याबरोबर घसरते. धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या डागडुजीसाठी पुढे कर्ज मागावयाचे झाल्यास ही नोंद आड येते. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणात, पतगुणांक कमी आहे एवढ्याच कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे मत व्यक्त केले. ते दिलासा देणारे खरे. पण त्यामुळे मूळची विषमता मिटत नाही.

ही विषमता समजून घेण्यासाठी चारही पक्षांची स्थिती पुन्हा तपासावी लागेल. संस्थेला तिचे शुल्क सत्राच्या आरंभीच मिळते. तिचे विद्यार्थी पुढे नोकरीस लागले किंवा न लागले, त्या शुल्कातील एक रुपयाही परत जात नाही. बँकेच्या पाठीशी हमी निधी असतो. मोठ्या कर्जांना तारण असते. मालक तयार मनुष्यबळ निवडून घेतो. त्याच्या घडणीचा खर्च त्याने केलेला नसतो. बाजारात मंदी आली, अभ्यासक्रम कालबाह्य ठरला, विद्यार्थिनी आजारी पडली किंवा विवाहानंतर तिला शहर सोडावे लागले, तर होणारी हानी जवळजवळ पूर्णतः तिच्यावर आणि तिच्या कुटुंबावर येऊन पडते. चौघांपैकी ज्याच्याकडे माहिती सर्वांत कमी आणि साधनसंपत्तीही सर्वांत कमी, त्याच्याच माथी सर्वांत मोठी जोखीम बसते.

कौशल्य-प्रशिक्षणाचा प्रश्न

पदवीच्या मानाने लहान मुदतीच्या कौशल्य-प्रशिक्षणाचा खर्च थोडा असतो, म्हणून तेथे कर्ज अधिक सुलभ असावे असे वाटते. प्रत्यक्षात लहान कर्जाचा कागदी खटाटोप मोठ्याइतकाच असल्याने बँकांना त्यात फारसा रस नसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कौशल्य कर्ज योजनेत पाच हजारांपासून दीड लाखापर्यंत तारणाविना कर्ज देण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली.

परंतु गरीब शिकाऊ उमेदवाराची खरी अडचण शुल्काची नसून प्रशिक्षणाच्या काळात बुडणाऱ्या मजुरीची असते. नोएडातच महिलांसाठी केंद्र शासनाची एक राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. अशा शासकीय संस्थांत शुल्क अल्प असते. तेथे शिकण्यासाठी कर्जाची गरज क्वचितच पडते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तर याहून पुढचे पाऊल टाकले. त्यानुसार कारखान्यात काम शिकणाऱ्या उमेदवाराला विद्यावेतन मिळते. शिकणारा येथे पैसे देत नाही, घेतो. कारण त्याच्या कौशल्याचा लाभ मालकालाही होणार असतो. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाचे हे औद्योगिक रूप म्हणता येईल.

याच्या अगदी उलट टोकाला खासगी शिकवणी वर्ग आणि संगणक-प्रशिक्षण वर्ग यांच्या शुल्काचे ‘सुलभ हप्ते’ आहेत. वर्गाच्या कचेरीतच भ्रमणध्वनीवर काही मिनिटांत सह्या होतात आणि विद्यार्थ्याला वाटते की आपण वर्गाला हप्त्याने शुल्क देत आहोत. वस्तुतः तो एका वित्तकंपनीचा ऋणको झालेला असतो. वर्ग बंद पडला किंवा शिकवणे निकृष्ट निघाले, तरी वित्तकंपनीचा करार स्वतंत्रपणे चालूच राहतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा अंकीय कर्जांसाठी नियम घालून दिले. त्यांनुसार कर्जाच्या मुख्य अटी आणि एकूण खर्च सांगणारे विवरणपत्र ऋणकोला आधी मिळाले पाहिजे आणि ठरावीक दिवसांत कर्ज परत करून करारातून बाहेर पडण्याची मुभाही असली पाहिजे. हा अधिकार ज्याला ठाऊक असतो, त्यालाच तो उपयोगी पडतो.

अन्य देशांचा अनुभव

जोखमीची वाटणी निराळ्या रीतीने करता येते, हे ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये दाखवून दिले. तेथे शुल्क शासन संस्थेला देते आणि विद्यार्थ्याचे उत्पन्न एका निश्चित मर्यादेच्या वर गेल्यावरच प्राप्तिकराबरोबर परतफेड वसूल होते. उत्पन्न मर्यादेखाली असेल तर हप्ता शून्य. नोकरी गेली तर वसुली आपोआप थांबते. कोणाकडे अर्ज-विनंत्या कराव्या लागत नाहीत. इंग्लंडने १९९८ पासून हेच तत्त्व स्वीकारले आणि ठरावीक वर्षांनंतर उरलेली रक्कम माफ करण्याची सोय ठेवली.

अमेरिकेची वाट वेगळी ठरली. १९५८ आणि १९६५ च्या कायद्यांनी तेथे विद्यार्थी-कर्जाचा पाया घातला. आज चार कोटींहून अधिक लोकांवर मिळून १ लाख ६० हजार कोटी डॉलरांहून अधिक असे शिक्षणऋण आहे. त्याचा मोठा भाग माफ करण्याचा शासनाचा प्रयत्न तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरविला. कर्ज मुबलक झाले की शुल्कही वाढत जाते का, हा तेथील अर्थशास्त्रज्ञांमधील जुना वाद आहे.

ऑस्ट्रेलियाची पद्धत भारतात जशीच्या तशी उचलता येणार नाही. येथे प्राप्तिकराच्या जाळ्यात येणाऱ्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने लहान आहे आणि रोजगाराचा मोठा भाग असंघटित क्षेत्रात आहे. राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना याच खडकावर फुटली होती. तरीही हप्ता मुदतीवर नव्हे तर मिळकतीवर ठरावा, हे तत्त्व विचारार्ह आहेच.

निर्णयापूर्वी

व्यवस्था बदलेपर्यंत कुटुंबांना निर्णय घ्यावे लागतातच. कर्ज घेऊ नये, असा उपदेश करणे सोपे आहे. पण ज्याच्याकडे जमीन नाही, साठवण नाही, त्याला तो उपदेश म्हणजे न शिकण्याचाच सल्ला ठरतो. शैक्षणिक कर्जाने असंख्य तरुणांना अशा वर्गखोल्यांत नेले आहे, जेथे त्यांच्या आधीच्या पिढीला प्रवेश नव्हता. म्हणून प्रश्न कर्ज घ्यावे की नाही, असा नसून कशासाठी, किती आणि कोणत्या अटींवर घ्यावे, असा आहे.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न थोडे आणि साधे आहेत. संस्थेच्या जाहिरातीतील सर्वांत मोठे वेतन किती, हे विचारू नये. मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला किती वेतन मिळाले आणि कितींना नोकरीच मिळाली नाही, हे विचारावे. उत्तर टाळले गेले, तर ते टाळणे हेच उत्तर समजावे. संस्थेचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे काय आणि ती शासनाच्या सवलतींच्या कक्षेत येते काय, हे कागदावर पाहून घ्यावे. परतफेडीच्या पहिल्या दिवशी एकूण ऋण किती असेल, हा आकडा बँकेकडून लिहून घ्यावा. तो आकडा पहिल्या वर्षाच्या अपेक्षित वेतनाहून फार मोठा असेल, तर संस्था, अभ्यासक्रम किंवा रक्कम यांपैकी काहीतरी बदलणे शहाणपणाचे होय. शासकीय शिष्यवृत्त्या, शुल्क-परतावा आणि विद्यावेतनाचे मार्ग आधी संपवावेत. त्यानंतर उरलेल्या तुटीपुरतेच कर्ज घ्यावे. हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच बँकेपासून दूर न पळता मुदत वाढवून मागावी, कारण थकल्यानंतरच्या विनंतीपेक्षा थकण्यापूर्वीची विनंती अधिक ऐकली जाते.

कुटुंबाने ही दक्षता घेतली तरी समाजाचे कर्तव्य संपत नाही. शिकलेला अभियंता, परिचारिका किंवा तंत्रज्ञ यांचा लाभ त्यांच्या घराइतकाच मालकाला, रुग्णालयाला आणि राष्ट्रालाही होतो. लाभ सर्वांनी वाटून घ्यावा आणि जोखीम मात्र एकोणीस वर्षांच्या एका मुलीने व तिच्या आईवडिलांनी सोसावी, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. ज्या दिवशी संस्थेलाही आपल्या विद्यार्थ्यांच्या अपयशाची थोडी झळ लागेल, मालक शिकविण्याच्या खर्चाचा वाटा उचलेल आणि हप्ता मिळकतीच्या पावलाने चालेल, त्या दिवशी ही उचल ओझे न राहता खऱ्या अर्थाने आधार ठरेल.